थरथर कुठल्या थराची? ग्रहाचं चित्र उकळतं, सिग्नल डळमळतो तेव्हा काय तपासायचं

तक्रार नेहमीची आहे. आठ इंची दुर्बीण, निरभ्र आकाश, गुरू डोक्यावर, आणि आयपीसमध्ये पट्ट्यांच्या जागी उकळतं पातेलं. दुसरी तक्रार जमीन मोजणाऱ्यांची: आरटीके रोव्हर (उपग्रहांच्या सिग्नलवरून, स्थिर ‘बेस’ रिसीव्हरच्या मदतीने जागा मोजणारं फिरतं यंत्र) दिवसभर दोन सेंटिमीटरचा फिक्स, म्हणजे पक्की जागा, देतो आणि सूर्य मावळल्यावर दीड-दोन तासांत फ्लोटवर, म्हणजे अंदाजी जागेवर, जातो. अँटेना बदला, केबल बदला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा तेच.

मूळ एकच आहे. लहरी ज्यातून येतात त्या माध्यमाचा अपवर्तनांक (लहरींना वळवण्याची मात्रा) जागोजागी वेगळा असतो आणि क्षणोक्षणी बदलतो. फरक एवढाच की प्रकाशाला छळते ती कमी-जास्त तापलेली हवा, जमिनीपासून पंधरा-एक किलोमीटरपर्यंतची. उपग्रहाच्या सिग्नलला छळतो तो तीनशे-चारशे किलोमीटरवरचा आयनमंडलाचा, म्हणजे विद्युतभारित कणांचा, थर. प्रत्येक थराची थरथर आपापल्या वेगाने होते, म्हणून उपायाआधी वेग बघायचा. ‘आज आकाशच खराब आहे’ हा निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढायचा. दुर्बिणीच्या बाबतीत तर दोष बहुतेक वेळा नळीत नाहीतर गच्चीवर सापडतो.

दुर्बिणीला हात लावण्याआधी

वर मान करून साठ अंशांपेक्षा उंच असलेला एखादा ठळक तारा बघा. लुकलुकतोय का?

लुकलुकणं आणि चित्र पुसट होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हौदाच्या तळाशी उन्हाची हलती जाळी दिसते, पण हात पाण्याच्या पृष्ठभागाला अगदी लागून खाली धरला तर त्यावर जाळी नसते. जाळी जमायला खोली लागते. हवेचंही तसंच. जमिनीलगतची हवा प्रकाशाची दिशा बिघडवते, पण तेज कमी-जास्त व्हायला पुढे काही किलोमीटरचं अंतर लागतं. त्यामुळे नुसत्या डोळ्यांना दिसणारी लुकलुक मुख्यतः वरच्या थरांची असते.

म्हणून तारे शांत असूनही गुरू पुसट दिसत असेल, तर दोष तुमच्यापासून काही मीटरांत आहे. पुढचे तीन भाग तुमच्यासाठी. तारे डोक्यावरही जोरात लुकलुकत असतील तर वरची हवा ढवळलेली आहे. क्षितिजाजवळचे तारे सगळ्याच रात्री लुकलुकतात, त्यावरून काही ठरवू नका. ग्रहांवरूनही ठरवू नका: दहा किलोमीटरवरच्या थराने पाडलेली सावल्यांची नक्षी सात-आठ सेंटिमीटरची असते, म्हणजे कोनात जेमतेम दीड विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). गुरूचं बिंब चाळीस-पन्नास विकलांचं, त्यात अशा अनेक नक्ष्यांची सरासरी होऊन जाते. ग्रह लुकलुकत नाहीत ते यामुळे.

फोकस बाहेर काढलेला तारा सगळं सांगतो

ठळक तारा मध्यभागी घ्या, २०० पट किंवा अधिक वर्धन लावा आणि फोकसर बाहेरच्या बाजूला फिरवा. प्रकाशाची चकती दिसेल, मधोमध दुय्यम आरशाची काळी सावली. ती सावली मधोमध नसेल तर इथेच थांबा आणि आधी कॉलिमेशन करा, म्हणजे आरसे एका रेषेत आणा. हलत्या हवेच्या नावावर खपणारी निम्मी पुसट चित्रं खरं तर कॉलिमेशनची असतात. ओळखायची खूण सोपी आहे: कॉलिमेशनचा दोष हलत नाही. प्रत्येक ताऱ्याला एकाच बाजूला शेपूट येतं आणि रात्रभर तसंच राहतं.

सावली मध्यावर असेल तर चकतीवर काय फिरतंय ते बघा.

आळसावलेल्या, जाड, उदबत्तीच्या धुरासारख्या वळ्या एकाच बाजूने वर चढताना दिसल्या तर तो नळीतला प्रवाह. खात्री करायची असेल तर दुर्बिणीच्या तोंडासमोर, खालच्या कडेशी, तळहात धरा. हाताची ऊब चकतीत ज्वाळेसारखी उठताना दिसेल. नळीतल्या वळ्या अगदी त्याच जातीच्या असतात, हाताशिवाय दिसतात एवढंच.

सगळी चकती एका दिशेने वाहतेय, ओढ्याच्या उथळ पाण्यासारखी आणि झपाट्याने, असं दिसलं तर ती वरच्या वाऱ्याची करणी. मधल्या थरांसाठी एक हिशेब उपयोगी पडतो. काही अंतरावरच्या थरावर दुर्बीण नेमकी लावायची तर फोकसर अनंताच्या जागेपासून नाभीय अंतराचा वर्ग भागिले थराचं अंतर इतका बाहेर काढावा लागतो. १२०० मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीत १०० मीटरवरच्या थरासाठी १४.४ मिमी, एक किलोमीटरसाठी १.४ मिमी, दहा किलोमीटरसाठी जेमतेम ०.१४ मिमी. शेवटचा आकडा फोकसपासून वेगळा ओळखूच येत नाही. पण चौदा-पंधरा मिलिमीटर बाहेर काढल्यावर वळ्यांच्या कडा कोरल्यासारख्या दिसत असतील, तर शंभर-एक मीटरवर काय आहे ते बघा. बहुतेक वेळा पुढच्या इमारतीची गच्ची किंवा पत्र्याची शेड निघते.

नळी आणि आरसा

हवेचा अपवर्तनांक एका अंशाच्या फरकाने साधारण दशलक्षांश भागाने बदलतो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण एक मीटर लांबीच्या वाटेवर हवेचा एक भाग दुसऱ्यापेक्षा १ अंश गरम असेल तर प्रकाशाच्या मार्गात १ मायक्रॉनचा फरक पडतो. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन, म्हणजे जवळजवळ दोन लहरींची चूक. आरसा घासणारे पाव लहरीसाठी महिनाभर घाम गाळतात. नळीतला अर्धा अंश एका मिनिटात ते पाण्यात घालवतो.

पुण्यात जानेवारीत दुपारी तीस अंश आणि पहाटे दहा-बारा. घरातून बाहेर आणलेला आरसा संध्याकाळभर हवेच्या मागे धावत असतो आणि आठ इंची, पंचवीस-तीस मिमी जाडीची काच आपण होऊन कधीच पुरती पकडत नाही. उपाय असे:

दुर्बीण सूर्यास्तालाच बाहेर ठेवा, उन्हात नव्हे, झाकणं काढून. दीड-दोन तास द्या.

आरशाच्या मागे १२ व्होल्टचा ८० किंवा १२० मिमीचा कॉम्प्युटर फॅन लावा, हवा आरशाच्या पाठीवर जाईल असा. स्क्रूने घट्ट आवळू नका. चार रबरबँडवर टांगा, नाहीतर फॅनची कंपनं चित्रात उतरतात. सात-आठ व्होल्टवर चालवला तरी पुरतो. निरीक्षण चालू असताना फॅन बंद करायची गरज नाही. मंद फॅन आरशाला चिकटलेला गरम हवेचा पातळ थर उडवून लावतो, आणि खरा गुन्हेगार तो थरच असतो.

तापमान मोजताना इन्फ्रारेड गन आरशाच्या चकचकीत बाजूवर रोखू नका. ॲल्युमिनियमचा लेप स्वतः फारसं उत्सर्जन करत नाही. गन समोरच्या नळीचं किंवा आकाशाचं तापमान दाखवते आणि माणूस उगाच खूश होतो. काचेच्या पाठीवर मोजा, किंवा तिथे थर्मिस्टर (तापमान मोजणारा छोटा सेन्सर) चिकटवा. हवेपेक्षा फरक अर्ध्या-एक अंशाच्या आत आला की नळीतल्या वळ्या थांबलेल्या दिसतील.

श्मिट-कॅसेग्रेन आणि मॅक्सुतोव्ह बंद नळीच्या, तिथे फॅनला वाट नाही. त्यांना उलटा उपाय चालतो: एसीच्या डक्टला गुंडाळतात तो चंदेरी फोम नळीभोवती गुंडाळा. नळीचा पत्रा आकाशाकडे उष्णता फेकून हवेपेक्षाही थंड होतो आणि आतल्या आत हवा फिरू लागते. फोमने ते थांबतं. कोकणात रात्रीचं तापमान फारसं उतरत नाही, त्यामुळे हा त्रास कमी. तिथे दव आधी गाठतं.

गच्ची

स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडत राहतो. दुर्बीण गच्चीच्या मधोमध लावण्यापेक्षा वारा येतो त्या बाजूच्या कठड्याजवळ लावा, म्हणजे स्लॅबवरून आलेली हवा तुमच्या मागे राहते. ग्रह पाण्याच्या टाकीवरून, एसीच्या आउटडोअर युनिटवरून किंवा शेजारच्या स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टवरून दिसत असेल तर अर्धा तास थांबा, तो सरकेल. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारल्याने थोडा फायदा होतो, पण आर्द्रता वाढते आणि काचेवर दव लवकर धरतं. थंडीत हा उपाय करू नये असंच आमचं मत. गवत किंवा ओली माती असलेलं मोकळं शेत कुठल्याही गच्चीपेक्षा बरं.

एवढं करूनही गुरू उकळतोच आहे

तर आता दोष खरंच आकाशाचा. इथे एकच आकडा ओळखीचा करून घ्या: आर-नॉट, म्हणजे हवेच्या ज्या तुकड्यातून लहर जवळजवळ सपाट येते त्याचा व्यास. चित्र एक विकलेइतकं पसरत असेल तर हिरव्या प्रकाशात आर-नॉट सुमारे १० सेंमी. दोन विकला असेल तर ५ सेंमी.

डेव्हिड फ्राइड यांनी १९७८ मध्ये दिलेल्या सूत्राने, आर-नॉट ५ सेंमी असताना २०० मिमीच्या दुर्बिणीत शंभरपैकी ४५-४६ क्षण चांगले मिळतात. ३०० मिमीत दोनच. ५०० मिमीत दहा लाखांत एक. मोठी दुर्बीण घेतली आणि ग्रह जास्तच वाईट दिसू लागला, ही तक्रार करणारा खोटं बोलत नसतो.

चांगला क्षण टिकतो काही मिलिसेकंद. म्हणून कॅमेऱ्याचं एक्स्पोजर ५ ते १० मिलिसेकंद ठेवा, त्यासाठी गेन (कॅमेऱ्यातली सिग्नलची वाढ) वाढवावा लागला तरी चालेल. ३० मिलिसेकंदांवर गेलात की चांगल्या-वाईट क्षणांची मिसळ एकाच फ्रेममध्ये होते आणि नंतर कुठलंही सॉफ्टवेअर ती वेगळी करू शकत नाही. सेकंदाला १०० फ्रेम धरल्या तर दोन मिनिटांत १२,००० फ्रेम मिळतात. ऑटोस्टॅकर्ट या फ्रेम निवडून एकत्र करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्यातल्या वरच्या १० ते २० टक्केच घ्या. दोन मिनिटांच्या पुढे जाऊ नका, कारण गुरू ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो आणि बिंबाच्या मध्यावरचा ठिपका मिनिटाला पाव विकला सरकतो. दोन मिनिटांत अर्धी विकला; आठ इंची दुर्बिणीची विभेदनक्षमता, म्हणजे तिला दिसू शकणारा सर्वांत बारीक तपशील, ०.५८ विकला. फिल्म लांबवल्यावर येणारा पुसटपणा हवेच्या माथी मारला जातो.

लाल प्रकाशात आर-नॉट वाढतो: ५०० ऐवजी ७०० नॅनोमीटरला दीडपट. वाईट रात्री ६८५ नॅनोमीटरचा इन्फ्रारेड-पास फिल्टर लावून काळं-पांढरं चित्र घ्या. विभेदन थोडं जातं, पण मिळतं ते चित्र असतं.

उंचीचा विचार करा. ग्रह ३० अंशांवर असताना हवेची जाडी दुप्पट आणि चित्राचा पसरटपणा दीडपट. १० जानेवारी २०२६ ची गुरूची प्रतियुती (गुरू सूर्याच्या बरोबर समोर येणं) मिथुनेतली. पुण्या-मुंबईहून तेव्हा मध्यरात्री गुरू जवळजवळ खस्वस्तिकावर, म्हणजे थेट डोक्यावर. युरोपातले निरीक्षक यासाठी तरसतात. संध्याकाळी सातला तो पूर्वेला नुकताच वर आलेला असताना घाईने बघून निराश होण्यात अर्थ नाही.

आणि हवामानाच्या नकाशात २०० किंवा २५० हेक्टोपास्कल पातळीचा वारा बघून ठेवा. हिवाळ्यात पश्चिमी जेट स्ट्रीम उत्तर भारतावरून वाहते, कधी कधी दक्षिणेकडे झुकते. वर ताशी १०० किमीच्या पुढे वारा असेल तर त्या रात्री तारकागुच्छ बघा.

एक नेहमीचा घोटाळा: बिंबाच्या एका कडेला निळी आणि विरुद्ध कडेला लाल झालर. ही थरथर नाही, वातावरणाच्या प्रिझमची करामत आहे. समुद्रसपाटीला ४०० ते ७०० नॅनोमीटरमधलं रंगांचं अंतर ४५ अंश उंचीवर सुमारे १.४ विकला, ३० अंशांवर २.५ विकला. फॅन लावून, थांबून काही होणार नाही. एडीसी (रंग पुन्हा जुळवणारी प्रिझमची जोडी) लावा किंवा ग्रह वर येऊ द्या.

रेडिओ: संध्याकाळी सुटणारा फिक्स

इथे खालची हवा गौण आहे. ती सिग्नलला उशीर करते, कोरड्या हवेमुळे डोक्यावरच्या दिशेला सुमारे २.३ मीटर आणि बाष्पामुळे आणखी चाळीस-एक सेंटिमीटरपर्यंत, पण हा बदल सावकाश होतो. फिक्स सुटतो तो आयनमंडलामुळे.

चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं आणि आयनमंडलाचा सर्वांत दाट पट्टा अहमदाबाद-भोपाळ-कोलकाता या ओळीच्या आसपास असतो. महाराष्ट्र दोन्हींच्या मधे. सूर्यास्तानंतर आयनमंडलाचा तळ झपाट्याने विरळ होतो, वरचा भाग दाट राहतो. जड द्रव हलक्यावर ठेवावा तशी ही रचना अस्थिर होते आणि विरळ आयनद्रायूचे (विद्युतभारित वायूचे) बुडबुडे वर चढतात. त्यांच्या कडांवरून आलेला सिग्नल जमिनीवर काही शे मीटरांच्या उजेड-सावल्या पाडतो आणि त्या सेकंदाला शंभर-एक मीटरने सरकतात. म्हणून इथली थरथर मिलिसेकंदांची नसते, काही सेकंदांची असते.

रिसीव्हरचा लॉग उघडा आणि प्रत्येक उपग्रहाचं सिग्नल-गोंगाट गुणोत्तर वेळेसमोर मांडा.

सगळे उपग्रह एकदम पडले तर केबल, अँटेनाचा वीजपुरवठा किंवा जवळपासचा जॅमर. आयनमंडलाला दोष देऊ नका.

एखादाच उपग्रह, तोही खाली असताना, रोज चार मिनिटं आधी तसाच डळमळत असेल तर ते भिंतीवरून किंवा पत्र्यावरून परावर्तित होऊन येणारे सिग्नल. जीपीएस उपग्रहांची मांडणी २३ तास ५६ मिनिटांनी पुन्हा तशीच येते, म्हणून ही चार मिनिटं.

आकाशाच्या एका भागातले तीन-चार उपग्रह सूर्यास्तानंतर साधारण आठपासून मध्यरात्रीपर्यंत ४५ डेसिबलवरून तिशीत आणि पुन्हा वर असे हिंदकळत असतील, मार्च-एप्रिल किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर असेल, आणि हे रोज न होता काही रात्रीच होत असेल, तर ते आयनमंडल. सौरचक्राच्या शिखराजवळच्या वर्षांत याचा जोर वाढतो. चालू चक्र शिखरावर आल्याचं ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालं.

दोन फ्रिक्वेन्सींचा रिसीव्हर घेतला की हा प्रश्न सुटतो, हा गैरसमज विक्रेते दूर करत नाहीत. दोन फ्रिक्वेन्सींनी उशीर काढून टाकता येतो. पण फेडमुळे, म्हणजे सिग्नल अगदी क्षीण झाल्यामुळे, रिसीव्हरची पकडच सुटली तर वजा करायला काही उरत नाही, आणि खालची फ्रिक्वेन्सी आधी सुटते. नाविक या भारतीय उपग्रहप्रणालीच्या ११७६.४५ मेगाहर्ट्झपेक्षा २४९२ मेगाहर्ट्झवर हा त्रास साधारण एक तृतीयांश होतो.

करायचं ते असं. नियंत्रण बिंदू (बाकीच्या मोजणीला आधार असलेले) सूर्यास्ताआधी उरका. बेस पाच किलोमीटरच्या आत घ्या. दूरच्या स्टेशनाचा दुवा असेल तर दुपारी एक ते चारमध्येही फिक्सला वेळ लागतो, कारण इलेक्ट्रॉनांची घनता तेव्हा कमाल असते. जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ, बैदू या सगळ्या उपग्रहप्रणाली चालू ठेवा. बुडबुड्याआड आलेले चार उपग्रह हाताने वगळले तरी बाकीच्यांवर फिक्स टिकतो. रात्री काम अटळ असेल तर प्रत्येक बिंदू फिक्स मुद्दाम तोडून, नव्याने घेऊन, दुसऱ्यांदा मोजा. चुकीचा फिक्स स्क्रीनवर हिरवाच दिसतो.

कमी फ्रिक्वेन्सीचा डेटा

नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा, ४५ मीटरच्या ३० तबकड्यांचा, डेटा हाताळणाऱ्यांनाही हाच बुडबुडा भेटतो. दोन तबकड्यांवरच्या इलेक्ट्रॉन-घनतेत एका टीईसी एककाच्या (वाटेतल्या एकूण इलेक्ट्रॉनांचं माप) शंभराव्या भागाचा फरक पडला तर १४०० मेगाहर्ट्झला फेज, म्हणजे लहरीची अवस्था, ३ ते ४ अंशांनी सरकते, ३०० ला १६ अंशांनी, १५० ला ३२ अंशांनी. खूण अशी की मध्यवर्ती एक किलोमीटरच्या चौकातल्या १४ तबकड्यांची फेज शहाण्यासारखी वागते आणि बाहुंवरच्या लांबच्या तबकड्यांची गरगर फिरते. कॅलिब्रेटर (तुलनेसाठीचा ओळखीचा स्रोत) अर्ध्या तासाने बघत असाल तर मधलं काहीच हाती लागत नाही. सेल्फ-कॅलिब्रेशनचा (स्रोतावरूनच फेज दुरुस्त करण्याचा) अवधी दोन मिनिटांवरून दहा-वीस सेकंदांवर आणा. स्रोत त्यासाठी पुरेसा ठळक नसेल तर तेवढा वेळ फ्लॅग करा, म्हणजे वगळा. ‘रात्र म्हणजे शांत’ हे इथे फक्त मध्यरात्रीनंतर खरं.

दोष नव्हे, तोच डेटा

काही थरथर दुरुस्त करायची नसते. २० मेगाहर्ट्झवर गुरू ऐकणाऱ्यांना सेकंद-दोन सेकंदांच्या, लाटांसारख्या फुटणाऱ्या सरी ऐकू येतात. त्यांची ती लय गुरूची नसून सौरवाऱ्यातल्या खळबळीने दिलेली असते. पॉपकॉर्नसारखे मिलिसेकंदांचे तडतड आवाज मात्र गुरूकडूनच तसे निघतात. शुक्राभोवतीच्या जपानी अकात्सुकी यानाचा सिग्नल शुक्राच्या वातावरणातून येताना बेंगळुरूजवळच्या ब्यालालूच्या इस्रोच्या अँटेनाने टिपला, तो त्या वातावरणाचं तापमान उंचीनुसार काढण्यासाठी.

ग्रहाने तारा झाकण्याच्या घटनेतही असंच. तारा एकदम न विझता मंदावत जातो आणि आलेखावर अणकुचीदार काटे उठतात. मे १९७१ मध्ये गुरूने बीटा स्कॉर्पाय हा तारा झाकला तेव्हा हे काटे वेगवेगळ्या रंगांत किंचित वेगळ्या वेळी आले आणि त्यावरून गुरूच्या हवेतल्या हेलियमचा अंदाज बांधता आला. असं निरीक्षण करताना सेकंदाला किमान दहा फ्रेम आणि जीपीएसवरून वेळेचा शिक्का हवा. ग्रहाचा एखादा उपग्रह त्याच फ्रेममध्ये ठेवा, म्हणजे ढग-धुक्याचा उतार वेगळा काढता येईल. आणि काही किलोमीटरवर दुसरी दुर्बीण लावा: तोच काटा दोन्ही आलेखांत आला तर तो ग्रहाच्या हवेचा, एकातच आला तर आपल्या.